२० स्नो गन घेतल्या म्हणजे उतारावर बर्फ होईल का?

लातूरच्या एका पंप आणि ठिबक व्यावसायिकाचा प्रश्न थोडक्यात असा: हिमाचलातल्या ओळखीच्या हॉटेलमालकाला स्वतःच्या जागेत स्कीइंगचा उतार सुरू करायचा आहे. जागा साधारण ३,००० मीटर उंचीवर, उतार ८०० मीटर लांब, ४० मीटर रुंद, माथा आणि पायथा यांत १६० मीटरचा फरक. पुरवठादाराने २० स्नो गन (पाणी फवारून कृत्रिम बर्फ करणारी यंत्रं), ताशी ४० घनमीटरचा पंप आणि ताशी २,४०० माणसं नेणारी चार सीटची चेअरलिफ्ट असं कोटेशन दिलंय. "पारा शून्याखाली गेला की बर्फ सुरू" हे त्याचं वाक्य. पण हे गृहस्थ गेल्या जानेवारीत डोंगरात फिरायला गेले होते. तिथल्या एका उतारावर पारा शून्याच्या खाली असूनही गन झाकून ठेवलेल्या आणि लिफ्ट बंद. मग या कोटेशनवर विसंबायचं का?

विसंबू नका. आहे त्या स्वरूपात त्यावर सही होता कामा नये. मी मूळचा परभणीचा. पंपिंग स्टेशन आणि रोपवे यांच्या देखभालीत माझी नोकरी गेली, त्यातले बरेच हिवाळे आल्प्समध्ये. तिथे एक गोष्ट पक्की कळली, की गनांची संख्या ही क्षमता नसते. हंगामात जेवढे थंड तास मिळतील तेवढ्यात किती पाणी डोंगरावर चढवून गोठवता येतं, ती क्षमता. आणि लिफ्ट कोणती, किती वेगाने, कधी चालवायची हे त्या बर्फावरून ठरतं. तुमच्या कोटेशनमध्ये गन मोजल्या आहेत, पाणी आणि तास मोजलेच नाहीत.

आधी शून्याचं बघू. बर्फ करताना नुसता पारा बघून काही कळत नाही, ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवरचं तापमान बघावं लागतं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळून हवेत फिरवलं की पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं आणि पारा उतरतो. आपल्याकडचा डेझर्ट कूलर हेच करतो. मे महिन्यात लातुरात बाहेर ४२ अंश असताना तो खोली गार करतो, कारण हवा कोरडी असते. जूनमध्ये ढग आले की बाहेर ३३ अंश असूनही तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. स्नो गनचं अगदी असंच आहे. हवा ० अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल तर ओल्या फडक्याचा पारा उणे ४ च्याही खाली जातो आणि बर्फ होतो. हवा उणे २ असली पण आर्द्रता ९५ टक्के असली, तर तो उणे २ च्या जवळच अडकतो आणि गनमधून चिखल पडतो. व्यवहारात काम उणे २.५ ला कसंबसं सुरू होतं, उणे ४ ला परवडायला लागतं आणि उणे ७-८ ला खरा माल निघतो. तुम्ही बघितलेल्या उतारावर बहुधा हवा दमट असणार, किंवा तळ्यात पाणी नसणार. यंत्रं नादुरुस्त असणं हे तिसरं कारण, तेही आपल्या देशात नवं नाही.

आकडे समजून घ्या, तुमच्या धंद्यात ते लगेच बसतील. एक ग्रॅम पाणी गोठवायला त्यातून ८० कॅलरी काढाव्या लागतात. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडालं तर ते जवळपास ६०० कॅलरी घेऊन जातं. म्हणजे फवाऱ्यातलं थोडं पाणी उडून जातं आणि त्याच्या सातपट पाण्याला गोठवतं. पण थेंब थंड झाला म्हणून गोठतोच असं नाही. शुद्ध पाण्याचा बारीक थेंब उणे ३५ अंशांपर्यंत द्रव राहू शकतो. त्याला बी लागतं. म्हणून गनमध्ये काही नोझल वेगळ्या असतात. त्यांत दाबाची हवा आणि पाणी एकत्र सोडतात, हवा एकदम प्रसरण पावून गार होते आणि सूक्ष्म स्फटिक तयार होतात. मुख्य नोझलचे थेंब या स्फटिकांना भिडले की खाली पडेपर्यंत गोठतात. काही ठिकाणी स्युडोमोनास सिरिंगी या जिवाणूपासून केलेलं प्रथिनही पाण्यात मिसळतात, त्याने थेंब जरा वरच्या तापमानाला गोठतो. हिमालयात खालची गावं त्याच झऱ्याचं पाणी पितात, तिथे मी ते वापरू देणार नाही.

चालू गनचा बर्फ तपासायला आजही माणूसच लागतो. रात्री गनच्या पुढे वीसेक मीटरवर, फवारा पडतो तिथे उभं राहायचं आणि जाकिटाची बाही आडवी धरायची. कण बाहीवर आपटून उडाले तर बर्फ कोरडा. काही चिकटले, काही उडाले तर तळाच्या थराला चालतो. बाहीवर काचेसारखा थर धरला तर पाणी जास्त सोडलंय, लगेच कमी करा. मग मूठभर बर्फ दाबून बघायचा. गोळा होऊन बोटांतून पाणी आलं तर तो उतारावर दगडासारखा बसतो. आता सेन्सर हे सगळं आपोआप करतात, तरी चांगला फोरमन रात्रीतून दोनदा बाही धरून येतो. वारा फिरला तर सेन्सर ज्या जागी लावलाय तिथलंच सांगतो.

आता तुमच्या उताराचा हिशेब. ८०० गुणिले ४० मीटर म्हणजे ३.२ हेक्टर. गवताळ, दगड वेचलेल्या जमिनीवर तळाचा थर किमान ४० सेंटिमीटर धरा, खडकाळ असेल तर जास्त. म्हणजे १२,८०० घनमीटर बर्फ. गनचा बर्फ आकाशातल्या बर्फापेक्षा घट्ट असतो, घनमीटरला ४५० किलोच्या आसपास. त्याला ५,८०० घनमीटर पाणी लागतं. उडून आणि वाऱ्याने भलतीकडे जाऊन पाचवा हिस्सा कमी होतो, म्हणून ७,००० घनमीटर धरा, ७० लाख लिटर. नाताळाआधी चांगले थंड तास ६० मिळतील असं मानलं तर ताशी ११७ घनमीटर, सेकंदाला ३२ लिटर पाणी वर गेलं पाहिजे. तुमच्या कोटेशनमधला पंप ताशी ४० घनमीटरचा, म्हणजे सेकंदाला ११ लिटर. त्याने हेच काम व्हायला १७५ तास लागतील.

आणि त्या २० गनांचं काय? पंख्याची एक गन उणे ४ ला साधारण सेकंदाला २ लिटर घेते, उणे ८ ला ५ लिटर किंवा जास्त. ११ लिटरवर उणे ४ ला पाच गन चालतील. सगळ्यात सोन्यासारखे तास, उणे ८ चे, तेव्हा फक्त दोन चालतील आणि बाकी अठरा उतारावर उभ्या राहतील. पाणी ३२ लिटर असेल तर उणे ४ ला सोळा गन आणि उणे ८ ला सहा. २० गनांचा आकडा तसा चुकीचा नाही, पण त्यांच्यामागे पाणीच नाही. पुरवठादार असं का करतात हेही सांगतो. गन दिसते, तिचा फोटो निघतो. पंपघर आणि जमिनीखालची पाइपलाइन दिसत नाही आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो.

पंपाबद्दल तुम्हाला मी काय शिकवणार, पण डोंगरावरच्या काही गोष्टी वेगळ्या आहेत. गनच्या तोंडाशी ३० किलो दाब हवा, म्हणजे ३०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. चढ १६० मीटर, घर्षणाचे ४० मीटर, एकूण हेड, म्हणजे पंपावरचा सगळा भार, ५०० मीटर. सेकंदाला ३२ लिटरला हे जमवायचं तर मोटार २२० किलोवॅटची, म्हणजे ३०० हॉर्सपॉवरच्या घरात. पंपाच्या तोंडाशी ५० किलो दाब असणार, तिथे ठिबकचा एचडीपीई पाइप मनातही आणू नका. डक्टाइल आयर्न किंवा स्टील, ६४ किलोच्या वरचं, सांधे लॉक होणारे, आणि जमीन गोठते त्या पातळीच्या खाली पुरलेले. तळाला निचऱ्याचा व्हॉल्व्ह हवाच. गन बंद करून होज भरलेला सोडला तर थोड्या मिनिटांत त्याचा दांडा होतो, मग तो गरम खोलीत नेऊनच मोकळा करावा लागतो. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्केच असतो. त्यामुळे सक्शन फार कमी मिळतं, पंप तळ्याच्या पाण्याच्या पातळीखाली बसवा. विरळ हवेत मोटार नीट गार होत नाही, डिझेल जनरेटरचीही ताकद घटते, म्हणून नेमप्लेटवरची शक्ती पूर्ण धरू नका. पाणीही थंड हवं, २ ते ४ अंश. तळ्यातून १० अंशाचं पाणी आलं तर आधी त्याच्यातली ही उष्णता काढण्यात गनची ताकद जाते आणि ऐन काठावरच्या रात्री नेमका बर्फ होत नाही.

७० लाख लिटर म्हणजे किती, हे लातूरच्या माणसाला दुसऱ्या कोणी सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून तुमच्याकडे पाण्याची गाडी येत होती. ५० डब्यांच्या गाडीत साधारण २५ लाख लिटर. म्हणजे एका छोट्या उताराच्या फक्त पहिल्या थराला तशा जवळपास तीन गाड्या. हे पाणी सगळं वाया जात नाही. वसंतात बर्फ वितळतो आणि बहुतेक पाणी त्याच दरीत परत जातं. पण प्रश्न ते कधी उचलता याचा आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये डोंगरातले ओढे बारीक झालेले असतात आणि खालच्या गावाचं पिण्याचं पाणी त्याच झऱ्यावर असतं. तेव्हा ओढ्यात सक्शन टाकून बर्फ करणं मला मान्य नाही, मग परवानगी असो वा नसो. पावसाळ्यात भरून घ्यायचं अस्तर लावलेलं तळं हा या प्रकल्पाचा पहिला खर्च आहे. तळं नसेल तर गन नको. हॉटेलमालकाला हे तुम्हीच सांगा. पाण्यासाठी रात्र काढलेल्या गावचा माणूस बोलला तर वजन पडतं.

थंड तास कुठून कळणार? हवामान खात्याच्या जवळच्या केंद्राचे आकडे दिशा दाखवतात, पण तुमच्या उताराचे नसतात. थंड हवा जड असते, ती रात्री दरीत साचते. कित्येकदा पायथ्याला उणे ६ आणि माथ्यावर उणे १ असतो. म्हणून पायथा, मध्य आणि माथा अशा तीन ठिकाणी तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे छोटे लॉगर लावा, दहा-दहा मिनिटांची नोंद, किमान दोन हिवाळे. एका गनच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही. हिमालयाची जमेची बाजू म्हणजे कोरड्या, निरभ्र रात्री. ३,००० मीटरवर हवा उणे ३ आणि आर्द्रता ४० टक्के असेल तर ओल्या फडक्याचा पारा उणे ६-७ पर्यंत जातो. पश्चिमी विक्षोभ येत असताना मात्र हवा उबदार आणि दमट होते, तेव्हा यंत्र बंद ठेवा. तो सरकला आणि आकाश उघडलं की त्याच रात्री सगळी फौज बाहेर हवी. आल्प्सच्या मानाने आपण दक्षिणेला आहोत, ऊन कडक आहे. उतार दक्षिणाभिमुख असेल तर रात्री केलेलं दुपारी जातं. तुम्ही उताराची दिशा कळवली नाही. तो उत्तर किंवा ईशान्येला नसेल तर इथेच थांबा.

नैसर्गिक बर्फावर भरवसा ठेवता येत नाही म्हणूनच ही यंत्रं आली. १९५० मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये वेन पियर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पहिली गन केली, तीही बर्फ न पडल्याने त्यांचा स्की बनवण्याचा धंदा बसायला आल्यावर. २०२२ चं बीजिंग हिवाळी ऑलिंपिक जवळजवळ पूर्णपणे गनच्या बर्फावर झालं. आपल्याकडे उत्तराखंडातल्या औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या वेळी कृत्रिम तळं आणि गन आल्या, तरी पुढे बर्फाअभावी तिथल्या स्पर्धा रद्द झाल्याच. गुलमर्गला तर फेब्रुवारी २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा टप्पा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. गुलमर्गला हे होतं, तर तुमच्या हॉटेलमालकाने नैसर्गिक बर्फ धरून कर्जाचा हप्ता बांधू नये.

बर्फ पडल्यावर लगेच पसरायचा नाही. ढिगात एखादा दिवस राहू द्यायचा, आतलं जादा पाणी निथळतं, मग ग्रूमर मशीनने, म्हणजे बर्फ सपाट करणाऱ्या पट्ट्याच्या गाडीने, पसरायचा. हे मशीन कोटेशनमध्ये नाही, ते धरा.

आता लिफ्ट. ताशी २,४०० माणसांची लिफ्ट ऐकायला छान वाटते. पण ती माणसं खाली कुठून येणार? नवशिक्यांच्या उतारावर हेक्टरला ५० माणसांच्या वर गेलं की टकरी सुरू होतात, हा माझा कामातला अंदाज. ३.२ हेक्टरवर १६० माणसं. नवशिक्याला पडत-उठत खाली यायला सातेक मिनिटं लागतात. म्हणजे उतार ताशी १,३००-१,४०० माणसं पेलतो. तुम्ही २,४०० वर सोडली तर उतारावर जत्रा भरेल, अपघात होतील आणि तुमचा मेहनतीने केलेला बर्फ दुपारपर्यंत खरवडून खाली जाईल. दोन सीटच्या खुर्च्या, सहा सेकंदाला एक, ताशी १,२०० माणसं, एवढं पुष्कळ आहे. सेकंदाला दोन मीटर वेगाने वर जायला सात मिनिटंही लागत नाहीत.

कोणी तुम्हाला महागडी डिटॅचेबल लिफ्ट, म्हणजे स्टेशनात खुर्ची दोरापासून सुटते ती, "दुप्पट क्षमतेची" म्हणून विकायला येईल. ती दोरावर सेकंदाला पाच मीटर पळते हे खरं, पण खुर्च्या सहा सेकंदांनीच येत असतील तर ताशी माणसं तेवढीच. बसलेल्याचा वेळ वाचतो, रांग कमी होत नाही. लांब उतारावर त्याला अर्थ आहे, ८०० मीटरवर नाही.

उतारावर बर्फ असूनही लिफ्ट बंद दिसते त्याची कारणं बहुतेक साधी असतात. माथ्यावर उतरायच्या जागी आणि पायथ्याला चढायच्या जागी बर्फ नसेल तर स्कीवाला माणूस उतरूच शकत नाही. तिथला बर्फ सगळ्यात आधी झिजतो, म्हणून पहिली गन तिथे लावा. दुसरं, वारा. साधारण ताशी ५०-६० किलोमीटरचा आडवा वारा सुटला की चेअरलिफ्ट थांबवावीच लागते. रिकामी खुर्ची जास्त झुलते आणि दोर चाकांवरून उतरण्याचा धोका असतो. जून २०१७ मध्ये गुलमर्गच्या गोंडोलावर, म्हणजे दोरावरच्या बंद डब्यांच्या रोपवेवर, वाऱ्याने झाड कोसळून सात जणांचा जीव गेला होता, म्हणजे नुसता दोर बघून भागत नाही, दोराच्या आजूबाजूची झाडंही बघावी लागतात. तिसरं, गोठलेलं दव. रात्री चाकांवर आणि दोरावर बर्फाचा थर धरतो, म्हणून अशा रात्री लिफ्ट हळू फिरत ठेवतात.

सकाळचा पहिला फेरा नेहमी रिकामा. ऑपरेटर प्रत्येक खांबाखाली थांबून चाकांचा आवाज ऐकतो, ब्रेक एकेक करून लावून बघतो, दोर उतरला तर तुटून सर्किट तोडणाऱ्या खांबावरच्या पट्ट्या शाबूत आहेत का बघतो, आणि डिझेलवरचं आणीबाणीचं इंजिन चालू करून बघतो. हे रोज, माणूस आजारी असला तरी. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडातल्या देवघरजवळच्या त्रिकूट रोपवेवर लोक दोन दिवस हवेत लटकले होते आणि हेलिकॉप्टरने काढावे लागले. म्हणून पहिली खुर्ची फिरण्याआधी दोरीने माणसं खाली उतरवण्याची रंगीत तालीम झालेली हवी, तीही थंडीत. हे ज्याला खर्चिक वाटतं त्याने लिफ्टच्या नादी लागू नये.

विजेचं एक सांगतो. पंप २२० किलोवॅट, सोळा गनांचे पंखे आणि कॉम्प्रेसर मिळून ३५० किलोवॅट, म्हणजे रात्री ५७० किलोवॅटची मागणी. दिवसा लिफ्ट ६०-७० किलोवॅटवर चालते. माणसं चढवण्यापेक्षा बर्फ करायला वीज कितीतरी जास्त लागते. तिथली डीपी हे पेलणार आहे का, आणि मागणी शुल्क वर्षभर भरायचंय की हंगामापुरतं, हे वीज कंपनीकडून लेखी घ्या.

माझा सल्ला असा की ८०० मीटरचा नाद सोडून पहिले दोन हंगाम १५० गुणिले ३० मीटरचा तुकडा घ्या. त्याला तळाच्या थरासाठी १० लाख लिटर पाणी पुरतं. तीन गन, सेकंदाला पाच लिटरचा, ३५ हॉर्सपॉवरच्या आसपासचा उच्च दाबाचा पंप, आणि चेअरलिफ्टऐवजी जमिनीवरचा पट्टा, ज्याला मॅजिक कार्पेट म्हणतात. पट्ट्यावरून पडलेलं माणूस उठून उभं राहतं, वारा त्याला अडवत नाही, आणि आपल्याकडून जाणारे बहुतेक पर्यटक पहिल्यांदाच स्कीवर उभे राहणारे असतात, त्यांना एवढा उतार भरपूर होतो. पाइपलाइन मात्र पुढच्या विस्ताराच्या व्यासाची टाका, जमीन दोनदा खोदणं परवडत नाही.

आणि पुरवठादाराकडून एकच वाक्य लेखी मागा: ओल्या फडक्याचा पारा उणे ४ असताना, तुमच्या तळ्यातल्या पाण्याच्या तापमानाला, सगळी यंत्रणा मिळून ताशी किती घनमीटर बर्फ करेल, आणि तेवढा झाला नाही तर किती रक्कम रोखून धरायची. हा आकडा तो देत नसेल तर दुसरा पुरवठादार शोधा.